जाड भिंतीचं उखळ

माझ्या सेमूला चीत करणारा पैलवान आमच्या या सिने नावाच्या मुलखात अजून जन्मायचाय. हे मी सांगितलं तर लोक म्हणतील, आईच ती, कौतुक करणारच. म्हणून मी सांगत नाही. ज्यांच्या पाठीला वाळू लागली त्यांना विचारा. सतरा जण आहेत, आणि त्यातले दोघं अजून कमरेवर हात ठेवून चालतात.

त्या वर्षी त्याची कुस्ती डाकारच्या मोठ्या आखाड्यात ठरली. रविवारी दुपारी. फातिकपासून डाकारपर्यंत भिंतीभिंतीवर त्याचं चित्र लागलं. चित्रात त्याचं नाक जरा फेंदारलेलं आलं होतं, ते नाक त्याच्या बापाचं. बाकी सगळं माझं. कुस्ती भरवणारा गाडी घेऊन गावात आला आणि सगळं ठरवून झाल्यावर जाता जाता म्हणाला, "आणि हो, डॉक्टरचा कागद लागेल. हृदय तपासल्याचा. शुक्रवारपर्यंत."

"हृदयाचा कागद?" मी म्हटलं. "आमच्या हृदयांना कागद लागत नाही. आमची हृदयं गाण्यात आहेत."

ते खरंच होतं. आमच्या सेरेर लोकांत बापाकडून शेत मिळतं आणि आडनाव मिळतं, पण रक्त आईचं. माणूस कुणाचा, हे आईच्या घराण्यावरून ठरतं. सेमूची ताकद माझ्या आईच्या रक्तातून आली, हे मी त्याच्या बापाला तो जिवंत असतानाच सांगितलं होतं आणि त्यानं मान डोलावली होती. न डोलावून जातो कुठे! त्या रक्ताचं गाणं माझ्या आईनं बांधलं. पुढं मी त्यात दोन कडवी घातली. सेमू आखाड्यात उतरण्याआधी मी ते म्हणते, बायका टाळ्या धरतात, ढोलवाले गप्प राहून ऐकतात. त्या गाण्याच्या जिवावर आमच्या घराण्यातल्या पोरींना मागणी येते. उगाच नाही.

मंगळवारी आम्ही शहरातल्या मोठ्या दवाखान्यात गेलो. मी का गेले? एवढा मोठा बाप्या, त्याला आई कशाला लागते? कारण सुई दिसली की तो डोळे मिटतो. हे त्याच्या विरोधकांना कळू नये म्हणून मी आजवर बोलले नव्हते. आता सांगायला हरकत नाही.

डॉक्टर बाई होती. ठेंगणी, चष्मेवाली, माझ्या धाकट्या सुनेच्या वयाची. दारावरच्या पाटीकडे बोट दाखवून मी सेमूला विचारलं, "काय लिहिलंय?"

"साग्ना. डॉक्टर साग्ना."

"साग्ना? म्हणजे जोला!" मी दारातूनच ओरडले. "अरे देवा, माझ्या गुलामाच्या हातात माझा पोरगा द्यायची वेळ आली!"

बाईनं मान वर केली. चष्म्याआडून माझ्याकडं बघितलं. मग हातातला पेन खाली ठेवला आणि आमच्या भाषेत म्हणाली, तीही अशी की खडे चावतेय, "या या, बाजरीच्या राणीसाहेब. मालकिणीच्या घरी यायचं तर मागच्या दारानं यायची रीत आहे. विसरलात का?"

बाहेर बाकावर बसलेले लोक हसायला लागले. आमचं आणि जोला लोकांचं हे थट्टेचं नातं वाडवडिलांपासूनचं आहे. आम्ही त्यांना गुलाम म्हणायचं, त्यांनी आम्हाला. काहीही बोलावं, रागवायचं मात्र नाही. रागावेल त्याला पाप.

"आमची भाषा कुठं चोरलीस गं, भातखाऊ?"

"तुमच्याच लोकांत सात वर्षं काढली, फातिकला. तुमची बाजरी गिळून गिळून माझे दात झिजले. बसा. आणि या म्हशीला सदरा काढायला सांगा."

सेमूनं सदरा काढला आणि आत बसलेला नर्सभाऊ मागंच सरकला. गळ्यात चार ताईत, दंडांवर सहा, छातीवर आडवा चामड्याचा पट्टा, कमरेला शिंपल्यांची माळ. एवढी मोठी कुस्ती, एवढी चित्रं भिंतींवर, म्हणजे नजरही तेवढीच मोठी लागणार.

"तारा चिकटवायला जागा कुठाय?" नर्सभाऊ म्हणाला. "हे काढावं लागेल."

"हे काढायचं नसतं," सेमू म्हणाला.

"मग मी यंत्र ताईतांना लावतो. ताईत पास झाले की त्यांनाच कुस्ती खेळू दे."

मी म्हटलं, "काढ. मी मांडीवर धरून बसते. माझ्या मांडीवरून कुणाची नजर पुढं जात नाही." तेव्हा काढलं त्यानं. केवढं ओझं ते! धरून धरून माझी मांडी बधिर झाली.

मग तपासण्या सुरू झाल्या. दंडाला पट्टा बांधून हवा भरली; रक्त नळीच्या भिंतीला किती जोरानं ढकलतंय ते त्यात कळतं म्हणे. एकशे अठरा, पंच्याहत्तर. चांगलं आहे, नर्सभाऊ म्हणाला. मनगट धरून ठोके मोजले, मिनिटाला अठ्ठेचाळीस. मी घाबरले, माझे सत्तरच्या पुढं असतात. पण डॉक्टर म्हणाली, "पैलवानाचं हृदय एका दमात जास्त रक्त फेकतं, म्हणून त्याला घाई नसते. आळशी नवरा आणि हा, दोघंही सावकाश. पण हा काम करतो." हे मला पटलं. मी तसा नवरा पाहिला होता.

मग छातीवर, हातापायांवर तारा चिकटवल्या आणि कागदाच्या पट्टीवर रेघ उमटायला लागली. छोटा उंचवटा, मग उभा सुळका, मग परत छोटा उंचवटा. नर्सभाऊ म्हणाला, हृदयात प्रत्येक ठोक्याला विजेची एक लहर जाते, वरून खाली, तिचंच हे चित्र. त्यानं पट्टी फाडून डॉक्टरला दिली. डॉक्टर बघत राहिली. जरा जास्तच वेळ बघत राहिली. तिच्या तोंडातली थट्टा कमी झाली, ते माझ्या ध्यानात आलं. सोळाव्या वर्षापासून मी सासवा, जावा आणि नणंदा बघत आलेय. तोंडावरचं मला वाचता येतं, कागदावरचं नाही आलं तरी.

तिनं सेमूला कुशीवर निजवलं, छातीवर गार लगदा लावला आणि एक जाडसर दांडकं फिरवायला लागली. शेजारच्या पडद्यावर माझ्या लेकाचं हृदय आलं.

मी सहा मुलं जन्माला घातली. बाहेरून त्यांचा केस न् केस मला ठाऊक. पण आतून मूल कधी बघितलं नव्हतं. काळ्याकरड्या धुक्यात एक मूठ उघडत होती, मिटत होती. तिच्यात दोन पांढऱ्या झडपा, कोंबडीच्या पापण्यांसारख्या, फडफडून उघडायच्या आणि मिटायच्या. मी पुढं वाकले तर मांडीवरचे ताईत खळखळले.

"हे बघा राणीसाहेब," डॉक्टर म्हणाली, "घर चार खोल्यांचं. वरच्या दोन खोल्यांत रक्त येऊन थांबतं, खालच्या दोन ते बाहेर फेकतात. उजवीकडची फुप्फुसाकडं, हवा भरून घ्यायला. ही डावीकडची साऱ्या अंगाला. झडपा म्हणजे दारं, एकाच बाजूला उघडणारी, गेलेलं रक्त परत येऊ नये म्हणून. कानाला जे धडधड ऐकू येतं ना, ते दारं मिटल्याचं."

"म्हणजे दोन बायका एका उखळात कांडतात तसं," मी म्हटलं. "एकीचं मुसळ वर, एकीचं खाली. चुकलं तर डोकं फुटतं."

"तसंच." तिनं पडद्यावर एक रेघ ओढली आणि तिच्या टोकाशी आकडा उमटला. पंधरा. तिनं परत मोजलं. पंधरा.

"काय पंधरा?"

"मधल्या भिंतीची जाडी. तुमची-माझी अकराच्या आत असते. पैलवानाची मेहनतीनं वाढते, तेरा, चौदा, कधी पंधराही होते. ते चालतं. विश्रांती घेतली की उतरते."

"मग झालं तर."

"नाही झालं." तिनं दांडकं खाली ठेवलं. "एक आजार असा आहे, की त्यात भिंत आपोआप जाड होते. मेहनतीनं नाही, रक्तातूनच येतो. तेव्हा आतली खोली अरुंद होते आणि रक्त बाहेर जायची वाट आवळली जाते. माणूस वरून पहाडासारखा. कशाची तक्रार नाही. आणि एक दिवस जोराच्या मेहनतीत विजेची ती लहर वाट चुकते. तेव्हा हृदय कांडत नाही, नुसतं थरथरतं. काही मिनिटांत माणूस संपतो, बस."

मला लगेच कळलं. आमच्याकडं उखळं लाओबे लोक कोरतात. एकदा एकानं आळस करून भिंत जाड ठेवलेलं उखळ माझ्या सासूच्या गळ्यात मारलं. बाहेरून असं भक्कम, की साऱ्या गावानं वाखाणलं. आत मावायची ओंजळभर बाजरी. आणि एका सुगीत, ऐन घाईच्या दिवशी, ते उभं चिरलं. मी हे तिला सांगितलं तर ती माझ्याकडं बघतच राहिली. म्हणाली, "आठ वर्षं शिकले मी. हे असं कुणी सांगितलं नाही."

"तुम्ही जोला शिकून शिकून तेवढंच शिकणार."

ती हसली, पण लगेच गंभीर झाली. सेमूला पळत्या पट्ट्यावर पळवलं. तो हसत हसत पळाला, नर्सभाऊलाच बघून धाप लागली. रेघ बिघडली नाही. मग डॉक्टरनं मला समोर बसवलं. "मावशी," म्हणाली. राणीसाहेब नाही म्हणाली. "याचं हृदय मेहनतीचं की आजाराचं, ते पंधराच्या आकड्यावर मला सांगता येत नाही. मी खरं तर याला तीन महिने थांबवून परत मोजलं असतं. पण रविवार तोंडावर आहे. म्हणून विचारते, नीट आठवून सांगा. तुमच्या रक्तात कुणी तरुणपणी, धडधाकट असताना, अचानक गेलंय का? खेळताना, पळताना, काम करताना?"

"आमच्यात?" मी ताठ बसले. "आमच्यात कुणी आजारानं मरत नाही. माझी आई ब्याण्णव वर्षांची होऊन गेली, आणि शेवटच्या दिवशीसुद्धा तिनं दोघींशी भांडण केलं."

"नक्की?"

"जोला बाईसमोर सेरेर बाई खोटं कशाला बोलेल? तेवढी किंमत आहे का तुमची?"

खोटं बोलले असं मला तेव्हा खरंच वाटलं नाही. आमच्या घराण्यात जे गेले ते 'मेले' असं आम्ही म्हणतच नाही. तरी सांगते, मी मांडीवरचे ताईत उगाच पुन्हा मोजले. डॉक्टरकडं बघितलं नाही.

"बरं," डॉक्टर म्हणाली. "या एका कुस्तीपुरती सही करते. सोमवारी मात्र हा इथं हवा."

मी बाहेर आले. आवारात कडुनिंबाखाली पन्नासेक माणसं बसली होती. भिंतीवरच्या चित्रातला पैलवान खरोखरचा बघून सगळी उठली. एका बाईनं विचारलं, "आई तुम्हीच का?" दुसरीनं टाळी धरली. आता टाळी धरली की गप्प बसणारी मी नव्हे. सेमू एकेक ताईत परत चढवत होता आणि मी गाणं उचललं.

"वागान माझा मामा, अकरा पाठींना वाळू लावली,
बारावा पुढं येईना. मामा हसत हसत आडवा झाला,
मातीलाच तो आवडला, मातीनं ठेवून घेतला.

दिबोर माझी मावशी, तीन मुसळांचं काम एकटीचं,
सुगीच्या दिवशी मुसळ वर गेलं, खाली आलंच नाही,
पितरांना पीठ हवं होतं, पितरांनी बोलावून घेतली.

लातिर माझा भाऊ, घोड्यांच्या पुढं धावला,
विहिरीशी पहिला पोचला, पाणी न पिताच निजला,
वाऱ्याला सोबती हवा होता, वाऱ्यानं उचलून नेला."

लातिरचं कडवं माझं. ते म्हणताना माझा आवाज नेहमी चढतो. लोक ओरडले, एका म्हाताऱ्यानं काठी नाचवली. मी चौथं कडवं उचलणार, ते सेमूचं, तेवढ्यात खिडकीत डॉक्टर दिसली. एका हातात पेन, एका हातात कागद. सही अर्धी झाली होती, ते मला नंतर कळलं. ती तशीच बाहेर आली, माणसांतून वाट काढत, माझ्यासमोर उभी राहिली.

"मावशी, हे कडवं पुन्हा म्हणा."

"कोणतं?"

"तिन्ही."

मला वाटलं, गाणं आवडलं. मी म्हटलं पुन्हा. पण ती टाळी देत नव्हती. "वागान किती वर्षांचा होता?" तिनं विचारलं.

"अठ्ठावीस."

"आधी आजारी होता?"

"वागान? आजारच त्याला घाबरायचा!"

"दिबोर?"

"पस्तिशीची असेल."

"आणि लातिर?"

लातिर एकोणीस वर्षांचा होता. विहिरीशी त्याचं डोकं मी माझ्या मांडीवर घेतलं होतं. अंग गरम होतं, कपाळावर घाम तसाच होता, आणि छातीत काही नव्हतं. मी बावीस वर्षांची होते. लोक म्हणाले, दृष्ट लागली, कुणीतरी चेटूक करून आतून खाल्ला. मग मी वाऱ्याचं कडवं बांधलं. माझ्या भावाला कुणी खाल्लं असं चारचौघांत म्हणवून घेणं मला सोसणार नव्हतं.

"एकोणीस," मी म्हटलं.

डॉक्टरनं हातातला कागद घडी करून खिशात घातला. मग माझा हात धरला आणि मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली, "बघा रे या सेरेर लोकांचा ताठा! मी घसा फोडून विचारतेय कुणी गेलं का, तर म्हणे नाही. आणि बाहेर येऊन ढोल पिटून सांगतात! यांना मरणसुद्धा मिरवल्याशिवाय जमत नाही!"

लोक हसले. कुणा दुसऱ्या बाईनं मला असं म्हटलं असतं तर मी तिच्या सात पिढ्या उकरल्या असत्या. पण ती जोला. तिच्यावर रागावता येत नाही. मी रागवायला तोंड उघडलं आणि त्यातून हसू आलं, आणि हसता हसता मला रडू कोसळलं. त्या नात्याचा उपयोग हाच आहे, मला त्रेसष्टाव्या वर्षी कळलं. जे ऐकून माणूस फुटेल, ते सांगायला एक असं माणूस लागतं ज्याच्यावर रागावता येत नाही.

आत नेऊन तिनं मलाच निजवलं. तोच गार लगदा, तेच दांडकं. मी पडद्याकडं बघत होते. माझी मूठ सेमूच्या मुठीपेक्षा लहान, पण उघडत होती, मिटत होती. रेघ ओढली. अठरा.

"जिंकले की मी," मी सेमूला म्हटलं.

तो हसला नाही. डॉक्टर म्हणाली, हे आईकडून आलंय, तिच्या आईकडून तिला. काहींचं आयुष्यभर काही बिघडत नाही, काहींचं एकोणिसाव्या वर्षी बिघडतं, आणि कुणाचं काय होईल ते आधी कळत नाही. गोळ्या आहेत. जगता येतं, लग्न करता येतं, शेत करता येतं. आखाड्यात मात्र उतरायचं नाही.

येताना गाडीत सेमू खिडकीबाहेर बघत होता. सगळ्या भिंतींवरून त्याचीच चित्रं मागं जात होती.

बुधवारी कुस्ती भरवणारा आला. आत न येता अंगणातूनच बोलला. "एका जोला बाईच्या सांगण्यावरून एवढी कुस्ती मोडायची? मी दुसरा डॉक्टर बघतो. संध्याकाळपर्यंत कागद आणतो."

"कागद आणशील," मी म्हटलं. "हृदय कुठून आणशील?"

"मावशी, पैलवान पळाला असं लोक म्हणतील. तुमच्या घराण्याचं नाव—"

"माझ्या घराण्याचं नाव तुझ्या तोंडात मावत नाही. चावू नकोस, दात पडतील."

पण तो सेमूशी बोलत होता, माझ्याशी नाही. आणि सेमू ऐकत होता. तो तिथून हलला तो थेट माझ्या चुलीशी येऊन बसला, मांडी घालून, लहानपणी बसायचा तसा.

"आई, दुसऱ्यानं कागद दिला तर मी उतरेन," म्हणाला. "सतरा कुस्त्यांत काही झालं नाही. अठराव्यात का होईल?"

"वागानमामाचं अकराव्यात झालं नाही. अकरावी जिंकल्यावर झालं."

तो काटकीनं राख उकरत म्हणाला, "मग एवढं सांग. माझं कडवं कसं संपवशील? मला कोण घेऊन जाणार? माती गेली, पितर गेले, वारा गेला. काय उरलं?"

टोमणा होता तो. माझ्याच पोटचा, म्हणून धार होती. त्या रात्री मी जेवले नाही. जन्मभर मी तीन मरणांना दागिने घातले. ते घातले नसते तर लातिरनंतर कुणीतरी विचारलं असतं, की एकाच रक्तातले तिघं असे उभ्याउभ्या का जातात? माझ्या गाण्यानंच कुणाला विचारू दिलं नाही. चूक माझी. आणि चूकसुद्धा अशी, की माझ्याइतका आवाज असलेल्या बाईलाच ती करता यावी.

शुक्रवारी सारा गाव चौकात जमला, पैलवानाला निरोप द्यायला. ढोल, बायका, घोडागाड्या, सेमू मधोमध उभा, अंगभर ताईत. कुस्ती भरवणारा नवा कागद हातात घेऊन गाडीला टेकलेला. लोक माझी वाट बघत होते, कारण गाण्याशिवाय पैलवान गावाबाहेर पाऊल टाकत नाही.

मी पांढरं वस्त्र नेसून गेले. ढोल थांबले. मी गाणं उचललं.

"वागान माझा मामा, अकरा पाठींना वाळू लावली,
त्याच्या हृदयाची भिंत जाड होती, ती ऐन घाईत चिरली.
दिबोर माझी मावशी, तिचीही भिंत जाड होती.
लातिर माझा भाऊ, माझ्या मांडीवर गेला,
वारा नाही, दृष्ट नाही, त्याची भिंत जाड होती.

मी तेनिंग, माझी भिंत सर्वांत जाड,
त्रेसष्ट सुग्या कांडूनही उखळ अजून उभं आहे.
सेमू माझा लेक, सतरा पाठींना वाळू लावली,
आणि अठराव्याला सोडून दिलं.
याला माती नेणार नाही, वारा नेणार नाही,
याला आईनं ठेवून घेतला."

टाळ्या पडल्या नाहीत. माझ्या जन्मात पहिल्यांदा त्या गाण्यानंतर टाळ्या पडल्या नाहीत. कुस्ती भरवणारा गाडीत बसला. गाणं एकदा चौकात म्हटलं की ते परत घेता येत नाही. आता कोणताही पैलवान माझ्या लेकाशी लढायला उभा राहणार नव्हता, हजार कागद असले तरी; आपल्या हातून त्याचा जीव जावा असं कुणाला वाटेल? ते मला ठाऊक होतं. म्हणूनच म्हटलं.

मी मान खाली घातली नाही. सगळ्यांकडं बघितलं, एकेकाच्या डोळ्यांत. माझी चुलत आजी, शंभरीला टेकलेली, काठी आपटत म्हणाली, "पोरी, तुझ्या आईचं गाणं गोड होतं. तुझं खरं आहे." मग तिनं एकटीनं टाळी धरली. मग दुसरीनं.

सेमू दोन महिने माझ्याशी बोलला नाही. माझ्या हातचं खायचा, पण पाठ करून. मीही त्याला छेडलं नाही. तो आपला राग वाळवत होता, मी तो वाळू दिला.

त्या दोन महिन्यांत मी माझं काम केलं. आईच्या रक्ताची जेवढी माणसं होती तेवढी गोळा केली. एकोणीस जण, तीन घोडागाड्या, आणि मी पुढं बसलेली. दवाखान्याच्या फाटकाशी डॉक्टर साग्ना उभी होती.

"हे काय! गुलामांची फौज?"

"मालकीण आली की नोकरांनी रांगेत उभं राहायचं असतं," मी म्हटलं. "यादी घे."

यादी म्हणजे माझं गाणं. मी म्हणत गेले, ती लिहीत गेली, कोण कुणाचं, कुणाच्या पोटचं, कोण कसं गेलं, पाच पिढ्या. लिहून झाल्यावर तिनं ते सगळं झाडासारखं एका मोठ्या कागदावर काढलं, भिंतीवर लावलं आणि डाकारहून आलेल्या तिच्या साहेबाला दाखवलं. तो म्हणाला, एवढी पूर्ण यादी त्यानं कुठल्या दप्तरात बघितली नव्हती. अर्थात. दप्तरं बाप्ये लिहितात. एकोणिसांतल्या चौघांची भिंत जाड निघाली. चौघंही आज जिवंत आहेत. भाचीच्या मुलीला त्यानंतर लग्नाची मागणी आली, आणि मुलाकडच्यांना आधी सगळं सांगूनच आम्ही हो म्हटलं.

सुगीनंतर गावात कुस्त्या भरल्या. सकाळी सेमू माझ्यापाशी आला आणि समोर तोंड करून जेवला. म्हणाला, "आखाडा मी बघणार आहे." मी म्हटलं, बघ की.

दुपारी शेजारच्या गावाचा एक तगडा गडी उतरला. रीतीप्रमाणे त्याच्या आईनं गाणं उचललं. सेमू वाळूत उकिडवा बसून ऐकत होता, डोळे मिटून, जसं काही कुणीतरी सुई आणलीय. बाई आपल्या दिराचं कडवं म्हणत होती. तो होडी वल्हवता वल्हवता नदीनं ठेवून घेतला, असं काहीतरी. आवाज चांगला होता, माझ्याएवढा नाही.

सेमूनं हात वर केला. गाणं थांबलं. तो उठून त्या बाईपुढं गेला, खाली वाकला, आणि मला इथपर्यंत ऐकू आलं तो काय म्हणाला ते.

"मावशी, हे कडवं पुन्हा म्हणा."